नीलकंठरावांच्या घराण्याचं शस्त्र

...तर ते शस्त्र खुंटीवरून निसटलं आणि चौकातल्या फरशीवर दणकन आपटलं, इथपर्यंत काल आपण आलो होतो. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी आधी शस्त्राचं सांगतो. त्याच्याशिवाय नीलकंठरावांची गोष्ट म्हणजे अळणी आमटी.

बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यात आपली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची. तिथल्याच एका गल्लीत नीलकंठराव राहतात. रेल्वेतून निवृत्त, गालात पान, आणि नाद एकच: गल्लीचा इतिहास. कुठलं घर दक्षिणेतून कुणाबरोबर आलं, कुणाच्या विहिरीला गोडं पाणी लागलं, कुणाचा बैल देवळात शिरून देवीच्या आधी नैवेद्य चाखून गेला, सगळं लिहायचं आणि खंडेनवमीच्या संध्याकाळी देवीच्या देवळात वाचून दाखवायचं. गल्ली झाडून जमते. प्रसाद वाचनानंतर मिळतो, हेही एक कारण असेल म्हणा!

पण माणूस कडक. पुरावा नसला की गोष्ट कापली. मागच्या वर्षी शेजारच्या सुमंतांच्या मूळपुरुषावर, शास्त्रीबुवांवर, कात्री चालली. बुवांनी म्हणे एका सकाळीत काशीचे सगळे पंडित वादात हरवले आणि दुपारी जेवायला पानावर हजर.

"दादा, आमच्या आजोबांनी सांगितलंय हो!" सुमंत कळवळून म्हणाले.

"आजोबा देवमाणूस होते. पुरावा आण."

तेव्हापासून सुमंत घाटावर भेटले तर नमस्कार एकाच हाताने करत.

आता शस्त्र. नीलकंठरावांचे मूळपुरुष पुण्याहून आलेल्या सरदारांच्या लवाजम्यातले मोठे लढवय्ये, ही गल्लीची पक्की समजूत. त्यांचं हत्यार घरात खुंटीवर. लांब लोखंडी दांडा, टोकाला वाटोळा गोळा, आणि त्यावर दर खंडेनवमीला तेलात कालवलेल्या शेंदराचं नवं पूट. कुणी गदा म्हणे, कुणी परशू. नीलकंठरावांचे वडील सांगत, "अशी शस्त्रं आता घडत नाहीत." संध्याकाळी ते देवळात मिरवत न्यायचं आणि नेणाऱ्याने पहिली आरती करायची, हा त्या घराचा मान. त्या मानावर नीलकंठरावांचा जीव. साहेबापुढे रेल्वेत कधी ताठ उभे राहिले नसतील, पण त्या संध्याकाळी त्यांची पाठ बघावी!

तर यंदा खंडेनवमीच्या सकाळी पूजेसाठी काढताना ते पडलं. शेंदराचं कवच नारळाच्या करवंटीसारखं तडकलं आणि आतून निघाली लोखंडाची चपटी चकती. चकतीला भोकंच भोकं.

नीलकंठराव बघत राहिले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई पदराला हात पुसत आल्या, वाकल्या, आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना.

"अहो, हा तर झारा! बुंदी पाडायचा! केवढा हो हा, लग्नाच्या भट्टीवरचा!"

"हळू बोल."

"म्हणजे आपण इतकी वर्षं झाऱ्याला ओवाळलं?"

सूनबाई वैदेही बनारसचीच पैदास, तिची तोड तयार. "बाबा, टेन्शन कशाला घेता? परत शेंदूर लावून टाकू ना. किसको पता चलेगा?"

नीलकंठरावांनी शेंदराची वाटी हातात घेतली. खोटं कशाला सांगू, बोटही बुडवलं. मग त्यांना डोळ्यांपुढे सुमंत दिसले, एका हाताने नमस्कार करणारे. बोट धोतराला पुसलं आणि म्हणाले, "नको. दुसऱ्याच्या आजोबाला पुरावा मागायचा आणि आपल्याला शेंदूर फासायचा?"

दिवसभर त्यांनी पान खाल्लं नाही. बाईंनी मात्र चिंच घेऊन झारा असा घासला की लखलखला.

संध्याकाळी देऊळ भरलं. नीलकंठराव उघडाच झारा खांद्यावर टाकून आले, तशी कुजबुज झाली. त्यांनी खाकरून वाचलं: "आमचे मूळपुरुष सरदारांच्या लवाजम्यातून, सुमंतांच्या शास्त्रीबुवांबरोबर, दक्षिणेतून पायी काशीस आले. ते लढवय्ये असल्याचा पुरावा नाही. लवाजम्याचे आचारी असावेत असा पुरावा हा घ्या." आणि झारा वर धरला.

मग मागून कुणीतरी बाई खुदकली आणि अख्खं देऊळ हसत सुटलं. पुजारीबुवा घंटेच्या दोरीला धरून हसले, त्यामुळे घंटाही वाजत राहिली. नीलकंठरावांचे कान लाल झाले, पण हात खाली आला नाही.

हसू ओसरल्यावर सुमंत उठले. वर्षभर वाट पाहिलेला माणूस तो. उपरणं सारखं केलं आणि अगदी गोडीत विचारलं, "दादा, इतिहास तर झकास झाला. पण पहिली आरती लढवय्याच्या घरची, असा रिवाज ना? आता आचाऱ्यापुढे शास्त्री थोर की नाही, तुम्हीच सांगा. तबक कुणी उचलायचं?"

आनंदीबाईंनी पदर तोंडाशी नेला. पुजारीबुवांनी पेटवलेलं तबक मधल्यामध्ये धरून ठेवलं. नीलकंठरावांनी झारा देवीपुढे ठेवला, तबक पुजारीबुवांच्या हातून घेतलं, ते सुमंतांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घे सुमंता, मान तुझा. खुशाल आरती कर. फक्त सुरू करण्याआधी देवीला एवढं सांग, की पुण्यापासून काशीपर्यंत तुझ्या शास्त्रीबुवांना रोज दोन वेळा जेवायला कोण वाढत होतं."