अर्धी गोणी वजन

आमच्या वाटूर फाट्यावर काहीही न करता सत्कार झालेली माणसं बरीच आहेत, पण त्यांत माझा थोरला भाऊ बद्रीनाथ याचा नंबर फार वरचा लागतो. त्याचा सत्कार झाला तो बहिणीला किडनी दिल्याबद्दल. किडनी मात्र त्या दिवशी, आणि पुढेही सव्वा वर्ष, त्याच्याच पोटात सुखरूप होती.

झालं असं की आमची बहीण उषाबाई, घनसावंगीकडे दिलेली, वय बेचाळीस, दोन पोरं शाळेत, हिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जालन्याला यायचं आणि चार तास डायलिसिसच्या मशीनला हात जोडून पडायचं, असं तिचं आयुष्य होऊन बसलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की घरातल्या कुणाची किडनी बसली तर ठीक, नाहीतर मशीनच्या जिवावर किती वर्षं निघतील ते सांगता येत नाही. नवऱ्याचा रक्तगट जुळेना. आईवडील केव्हाच गेलेले. मी सगळ्यांत धाकटा, जालन्यात मस्तगडला राहतो, एका शाळेत कारकून आहे. तपासणीत मला शुगर निघाली आणि मी बाद झालो. राहिला बद्रीनाथ. त्याचं सगळं जुळलं, किडन्या ठणठणीत निघाल्या, फक्त वजनाच्या काट्याने एकशेआठ दाखवले.

"पंच्याऐंशीच्या आत या, मग बघू," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे तेवीस किलो. बद्रीनाथचं फाट्यावर खताचं दुकान आहे, म्हणून मी त्याला त्याच्या हिशेबात समजावलं, "दादा, अर्धी गोणी युरिया उतरवायचाय अंगावरून."

"हात्तिच्या! एवढंच ना? दोन महिन्यांत उतरवतो बघ," तो म्हणाला आणि येताना बदनापूरला गाडी थांबवून त्याने दोन प्लेट भजे खाल्ले. उद्यापासून बंद करायचे होते, म्हणून.

बातमी फाट्यावर पोचायला उशीर लागला नाही. आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. त्यावर हात जोडलेला बद्रीनाथ आणि खाली 'बहिणीसाठी किडनी देणारा वाटूरचा कर्ण'. शाल झाली, श्रीफळ झालं, तीन पुढाऱ्यांची भाषणं झाली. एकाने तर किडनीला 'काळजाचा तुकडा' म्हणून टाकलं. बद्रीनाथने डोळे पुसले. उषाबाई त्या वेळी जालन्यात मशीनवर होती, कारण वार मंगळवार होता आणि सत्काराची तारीख ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. शरीरातून एक भाग काढून द्यायचा म्हणजे माणूस आधी मजबूत पाहिजे, असं सगळ्या गावाने ठरवलं. मावशीने डिंकाचे लाडू पाठवले. चुलत्याने गावरान तुपाचा डबा आणून ठेवला. कुणाच्या घरी जेवायला गेला की "वाढा वाढा, किडनी द्यायचीय त्याला" म्हणून पुरणपोळीवर पुरणपोळी पडायची. बद्रीनाथ कुणाचं मन मोडत नसे. मी वैतागून बोललो तर मलाच म्हणायचा, "माऊली, तुला काय कळतं? अंगात साठा पाहिजे साठा." वंदनावहिनींनी लाडूचा डबा कडीकुलपात ठेवला, तर हा दुकानातल्या बियाण्याच्या कपाटात दुसरा डबा ठेवून मोकळा झाला.

त्याने तयारी केली नाही असं मात्र कुणी म्हणू नये. चार हजारांचे बूट आणले. निळा ट्रॅकसूट आणला, त्यात तो प्लास्टिकच्या पाण्याच्या टाकीसारखा दिसायचा. पावलं मोजणारं घड्याळ आणलं. ते मनगटावर बांधून एक दिवस ट्रॅक्टरवर बसून परतूरला खत आणायला गेला. रस्ता असा की घड्याळाने नऊ हजार पावलं मोजली. आठ दिवस तो फाट्यावर भेटेल त्याला ते घड्याळ दाखवत होता.

चालायचं तेवढं राहून जात होतं. एप्रिल-मेमध्ये ऊन होतं. जूनमध्ये पेरणी आली, दुकानात गर्दी. जुलैत रस्त्याला चिखल. श्रावणात त्याने उपवास धरले आणि रोज साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि बटाट्याचे पापड एवढंच खाऊन दिवस काढले. मग गुडघा दुखायला लागला. तो उजवा आहे की डावा हे ठरलेलं नव्हतं. मग जिम पाहिजे म्हणाला, वाटूरला जिम नाही म्हणून गावाच्या मागासलेपणावर अर्धा तास बोलला. मला या माणसाचा इतका राग यायचा की फोन आपटावासा वाटायचा. तिकडे उषाबाईला दिवसाला लिटरभरच पाणी चालायचं, तेही डाळ-चहा धरून. ती स्टीलच्या फुलपात्राने मोजून प्यायची, तहान लागली की वेलदोडा तोंडात धरायची. आणि इकडे या पठ्ठ्याला भजे मोजता येत नव्हते.

दिवाळीला दुकानातल्या कापसाच्या काट्यावर मी त्याला जबरदस्तीने उभं केलं. एकशेअकरा भरला.

भाऊबीजेला उषाबाई वाटूरला आली. तोंडावर सूज, हात काडीसारखे. तिने ओवाळलं. बद्रीनाथने पिशवीतून पैठणी काढली.

"साडी नको दादा," ती म्हणाली. "मी विचारलंय डॉक्टरला, मला चालायची परवानगी हाय. मी आता इथंच राहते. पोरायकडं त्यांचा बाप बघतो. हितून जालन्याला गाडी बी बराबर मिळती. तू रोज सकाळी पाचला माझ्यासंग चालायचं. हीच ओवाळणी टाक."

ताटात दिवा जळत होता, वंदनावहिनी आणि मी बघत होतो. नाही म्हणायला त्याला जागा नव्हती. तरी त्याने प्रयत्न केलाच, "अगं बाई, पण गुडघा..."

"कोणता?" उषाबाईने विचारलं.

दुसऱ्या दिवशी पाचला ती दारात उभी. पायात साधी स्लीपर, कमरेला पदर खोचलेला, डायलिसिसच्या सुया टोचतात त्या हातावर पट्टी. हा आत बूट शोधत होता. बूट सापडले तर मोजे सापडेनात. शेवटी ती म्हणाली, "मी चालू लागते, तू ये मागून," आणि निघाली. आता आजारी बहीण अंधारात एकटी रस्त्याने चाललीय म्हटल्यावर काय करणार? वाटूरच्या चौकात स्वतःचा फ्लेक्स लागलेल्या माणसाला ते परवडणारं नव्हतं. तो वहाणा घालून धावत सुटला. धावत म्हणजे त्याच्या परीने.

परतूर रोडने पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच मार्ग. पहिल्या दिवशी ती तीनदा बसली. ती बसली की हा लगेच, "चल बाई घरी, तुला झेपत न्हाई." ती दोन मिनिटं दम खायची आणि पुन्हा उठायची. डायलिसिसचे दिवस सोडले तर खाडा नाही, आणि त्या दिवशी ती जाताना सांगून जायची, "मी न्हाई म्हणून तू झोपू नको. वहिनी बघून राह्यल्यात." वंदनावहिनींनी जेवणाचं बघितलं. त्यात काही खर्च नव्हता. एक भाकरी, पातळ वरण, मेथी-चुक्याची भाजी, चहा बिनसाखरेचा. ताटावर बसला की समोर उषाबाई अळणी भात खात असायची. त्याने लोणचं मागितलं की ती नुसती वर बघायची. दुकानात गोण्या उचलायला हमाल होता. वहिनींनी सांगून ठेवलं, दिवसातल्या पहिल्या वीस गोण्या मालक उचलेल. हमालाला हा नियम फार आवडला.

संक्रांतीला शंभर झाले. होळीला त्र्याण्णव. बूट कोरेच होते, ते वहिनींनी कुणाला तरी देऊन टाकले.

लोकांचं म्हणाल तर एकशेआठ किलोचा होता तेव्हा ज्यांनी शाल घातली, तेच आता दुकानात येऊन हळूच विचारायला लागले, "बद्रीभाऊ, काही मोठं दुखणं निघालं का?" एकाने शुगरचं औषध सांगितलं. फ्लेक्स उन्हाने पांढरा पडला होता, त्यावर आता कुठल्याशा क्लासची जाहिरात चिकटवली होती. नवा फ्लेक्स लावावा असं कुणाला वाटलं नाही.

मे उजाडला आणि काटा अठ्ठ्याऐंशीवर येऊन बसला. आठवडा गेला, महिना गेला, हलायला तयार नाही. उलट एकदा नव्वद दाखवले. चालणं तेच, भाकरी तीच. जूनमधल्या एका रविवारी मी सकाळच्या गाडीने फाट्यावर उतरलो, तर हॉटेलच्या मागे तेलाच्या डब्यांच्या आडोशाला आमचा कर्ण उभा राहून भजे खात होता. नुकताच पुलापर्यंत चालून आला होता. अंगावरचा घामही वाळला नव्हता.

मला आनंदच झाला. चुगली करायची मला हौस आहे, ते मी नाकारत नाही. मी तडक घरी जाऊन उषाबाईला सांगितलं आणि ती त्याला कशी झाडते ते बघायला रात्री तिथेच मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर चाललो. पुलाच्या कठड्यावर बसून उषाबाईने दम खाल्ला आणि मग म्हणाली, "दादा, भ्या वाटून राह्यलं का तुला?"

"गुडघा जरा..." त्याने सुरुवात केली. मग थांबला. "हां," तो म्हणाला. "लय. फाडतेत ना बाई. मंग मी उठलोच न्हाई तर? अठ्ठ्याऐंशी झाले तवापासून झोप न्हाई मला."

"मला बी वाटतं. दर मंगळवारी अन शुक्रवारी. सुई पाहिली की वाटतं, आज काही खरं न्हाई." तिने पदराने तोंड पुसलं. "आधीच सांगायचं न्हाई का? मी इतके महिने तुझ्या पोटासंगं भांडून राह्यले. हे बघ, द्यायची नसंल तर नको देऊ. मी काही म्हणणार न्हाई. पण ते तोंडाने सांग. भजे खाऊन नको सांगू."

बद्रीनाथ रडला. सत्काराला रडला होता तसं नाही, नाक गळेपर्यंत. मी बाजूला उभा होतो आणि मला हसू आलं नाही. माझ्या रिपोर्टात शुगर निघाली त्या दिवशी मी घरच्यांसमोर तोंड पाडून बसलो होतो, पण दवाखान्याचा जिना उतरताना मला कसं हलकं हलकं वाटलं होतं, ते मला आठवलं. मला लाज वाटली. ते मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही.

जुलैच्या शेवटी कापसाच्या काट्याने चौऱ्याऐंशी किलो सहाशे ग्रॅम दाखवले आणि आम्ही तिघं संभाजीनगरला गेलो. सगळ्या तपासण्या पार पडल्या. शेवटी डॉक्टरांनी बद्रीनाथला एकट्याला आत बोलावलं. देणाऱ्याशी एकट्याने बोलायचा नियम असतो म्हणे. उषाबाई तोवर खाली औषधाच्या खिडकीवर रांगेत उभी होती. मी बाकावर बसून घड्याळ बघत होतो. अर्धा तास झाला. माझ्या मनात नको ते येत होतं.

तो बाहेर आला तो घामाने भिजलेला. माझ्याशेजारी बसला.

"डॉक्टरनं दार लावून घेतलं," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणले, मनातून इच्छा नसंल तर आत्ता सांगा. आम्ही घरच्यांना सांगू की तुमच्या तपासणीत दोष निघाला, किडनी घेता येत न्हाई. कुणाला कधी कळणार न्हाई. तुमच्यावर बोल येणार न्हाई."

जन्मभर या माणसाने उन्हाची, चिखलाची, गुडघ्याची कारणं गोळा केली होती, आणि आज एका शिकलेल्या डॉक्टरने सही-शिक्क्याचं, बिनतोड कारण त्याला फुकटात देऊ केलं होतं. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला चांगलं माहीत होतं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? भ्या तर वाटून राह्यलंच होतं. तसं सांगितलं त्यांना. म्हणलं, लय भ्या वाटतं, पण देतो म्हणून लिहा. सही केली." त्याने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. "बाईला हे सांगू नको. तिला उगंच वाटंल, माझ्याकडं निसटायला दार होतं."

तेवढ्यात उषाबाई औषधांची पिशवी घेऊन जिना चढून आली. चढताना दम लागला होता, तरी बसली नाही.

"एवढा येळ काय विचारलं रे डॉक्टरनं?"

"वजन विचारलं," बद्रीनाथ म्हणाला. "चौऱ्याऐंशी सांगितलं."

"चौऱ्याऐंशी सहाशे," उषाबाई म्हणाली.