पत्रिकेतली जागा

सुरतेत नोकरीला असताना माझ्या जुन्या संगणकावर नामांकित वर्ड प्रोसेसर उघडेपर्यंत चहा पिऊन होत असे. मग मासिकासोबत आलेल्या सीडीवरून मी एक हलका, फुकटचा वर्ड प्रोसेसर घेतला. तो हौशी लोकांनी मिळून लिहिला होता आणि त्याची घडण कुणालाही पाहायला, बदलायला खुली होती. तो चटकन उघडे.

सुरतेच्याच उधना भागात कापडाच्या लूमवर काम करणारे माझे खानदेशी शेजारी त्यावर मुलीची लग्नपत्रिका करून घ्यायला सहकुटुंब आले. कार्ड एकाच पानाचं होतं आणि त्यांच्याकडे पत्रिकेत नाव घालायचं राहून गेलेला माणूस लग्नाला येत नसे.

"अहो, मन्हा मोठा भाऊनं नाव ऱ्हायनं ना!" त्यांच्या पत्नीला आठवलं. भावाचं नाव मधे घातलं. बाकीची नावं निमूट खाली सरकली. समाजात असं सहसा घडत नाही. जागा पुरावी म्हणून मी अक्षरं लहान करत गेलो.

मुलगी मागून डोकावली. "पप्पा, माझं नाव तर वाचताच येत नाही. लग्न माझं आहे की समाजाचं?"

शेजाऱ्यांनी पडद्यावर वरच्या टोकाला बोट ठेवलं. पत्रिकेत सगळ्यांत वर समाजाच्या अध्यक्षांचं नाव होतं आणि त्याआधी अध्यक्षांनी स्वतःच सांगितलेल्या तीन ओळी पदव्या.

"भाऊ, या पदव्या काढा."

"अध्यक्ष रागावतील."

"रागावू द्या. नाव आहे म्हणजे यावंच लागेल त्यांना."

मी पदव्या पुसल्या आणि मुलीचं नाव वाढवलं.

"अजून थोडं मोठं करा," ते म्हणाले.