पैनगंगेतली उपाशी सभा

हैदराबादहून आदिलाबादकडे जाताना इचोड्याला उतरून गरम मिरचीभजी घ्यायची, हा माझा जुना नेम. यंदा चांगलं मोठं पुडकं घेतलं. ते एक सभा बुडवायला निघालंय, याची मला कल्पना नव्हती.

पैनगंगेच्या अलीकडे तेलंगण, पलीकडे महाराष्ट्र. अलीकडच्या गावात माझी मावसबहीण शांताताई वांगी पिकवते. तिचा मळा माना टाकून उभा होता. पलीकडच्या शेतकऱ्यांनी वरच्या अंगाला पोत्यांचा बांध घातला होता, आणि त्यांचे पुढारी होते तिचे व्याही नामदेवराव.

"मग भांडली का नाहीस?"

"गेल्तो ना समदे त्यायच्या घरी! पुरणपोळी वाढली त्यायनं. खाल्ल्यावर इवायाशी (व्याह्याशी) भांडता येते काय?"

म्हणून दुसरी सभा भर नदीत, कोरड्या वाळूवर. तिथं कुणी यजमान नाही, कुणी पाहुणा नाही. दोन राज्यांचं सरकारी प्राधिकरण होईल तेव्हा होवो, दोन्ही काठांचं पाणीमंडळ आजच करायचं. आणि ते होईपर्यंत कुणी घासही खायचा नाही, ही ताईची अट.

"आमची कपाशी काऊन वाळवायची?" नामदेवराव कडाडले.

"मंग आमची वांगी काऊन?" ताईही उठली.

भांडण छान रंगात आलं आणि मला भूक लागली. मी पुडकं सोडलं. वास सुटताच सभा गप्प झाली, नामदेवरावांचा हात पुढे आला. ताईनं झडप घालून पुडकं पदराखाली घेतलं.

"काय करून राह्यला तू? हे खातीन, 'पाहू ना' म्हनतीन, अन् गोड होऊन घरी जातीन! बांध तसाच राहीन, माझी वांगी मरतीन."

सगळे हसले, नामदेवराव सगळ्यांत जास्त. मग उपाशीपोटी कामं भराभर झाली. मंडळात दोन्ही काठांची सारखी माणसं, पाणी पाळीपाळीनं, मंडळाला विचारल्याशिवाय बांध नाही. बांधाचं पहिलं पोतं नामदेवरावांनीच उचललं.

संध्याकाळी ताईची मोटर खोकली, थुंकली आणि सरीतून पाणी धावलं. मला इतका आनंद झाला की चपलांसकट चिखलात उभा राहिलो. ताईनं गारढोण भजी आधी व्याह्यांपुढे धरली.

"घ्या इवाईबुवा, आता खा पोटभर."

परतताना बस इचोड्याला थांबली, तेव्हा कढई चालूच होती. पाहुणचाराचं कौतुक मी आजवर पानंच्या पानं लिहिलंय. पण पुन्हा एका पंगतीला बसता यावं म्हणून आपल्याच माणसांशी आधी उपाशी बसून भांडावं लागतं, हे मला त्या वाळूवर कळलं.

निघताना ताई म्हणाली होती, "मंडळाच्या सभेले जरूर येजो. पन हात हालवत ये!"