चौदा चेहरे आणि माझी कात्री

एका उमेदवाराचे चौदा चेहरे मी स्वतःच्या हाताने कापून काढले आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. वय तेव्हा एकसष्ट. एकसष्टाव्या वर्षी तरी बाईला अक्कल यावी, अशी लोकांची अपेक्षा असते. माझी जरा उशिराच्या विमानाने आली.

तेव्हा मी सिडनीत, हॅरिस पार्कात मुलीच्या फ्लॅटमध्ये नुकतीच राहायला आले होते. वेळ जाईना म्हणून ओळखीच्या बायकांचे ब्लाउज शिवायला घेतले. आमच्या वरच्या मजल्यावर आफ्रिकेतल्या मलावीची एक मुलगी राहायची. सव्वीस वर्षांची. वृद्धाश्रमात नोकरी, शिफ्ट संपली की माझ्याकडे चहा. मला ‘आगोगो’ म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडची आजी. तिला परत जाऊन गावच्या कौन्सिलची निवडणूक लढवायची होती.

एक दिवस ती पिवळंधमक कापड घेऊन आली. त्यावर जागोजागी हिरव्या गोलात तिचाच हसरा चेहरा. तिच्या देशात निवडणूक आली की बायका पुढाऱ्याचे चेहरे छापलेलं कापड कमरेला गुंडाळून सभेत नाचतात. पुढारी स्टेजवर, बायका धुळीत. या वेळी तिच्या वॉर्डातल्या बाजारकरणींनी हट्टाने तिचा चेहरा छापून घेतला होता आणि सिडनीला येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून पाठवला होता.

“शनिवारी पॅरामॅटाच्या हॉलमध्ये आमच्या लोकांची सभा आहे, आगोगो,” ती म्हणाली. “तिकडे पक्षाचे म्हातारे व्हिडिओवर बघणार. ते म्हणतात, पोरींनी नाचावं, बोलू नये. माझं नाव इच्छुकांच्या यादीत घ्यायचं की नाही, ते त्यावरून ठरवणार. ड्रेस फिटिंगचा हवा.”

एवढ्या सगळ्यातून मी ऐकलं काय, तर ‘फिटिंग’.

कापड पसरलं, बेतायला घेतलं आणि कात्री थांबली. एक चेहरा नेमका बसायच्या जागी येत होता. दुसरा घेराच्या टोकाला, थेट पायाशी. वर छातीशी चिमटीचा टक्स घ्यावा तर तो तिच्या नाकातून जाणार. आमच्याकडे कागदाला पाय लागला तरी नमस्कार करतात, आणि ही पोर स्वतःच्या तोंडावर बसणार? छे! मी बेत बदलला. चौदाच्या चौदा गोल बाजूला काढले आणि उरलेल्या पिवळ्यात तुकडे जोडून असा ड्रेस शिवला की सांधा शोधून सापडू नये. चेहरे कचऱ्यात कसे टाकायचे? ते घडी घालून पिशवीत ठेवले. अगदी आदराने.

शनिवारी दुपारी ती आली. ड्रेस घातला. फिटिंग, सांगते तुम्हाला, काय बसलं होतं! आरशात पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

“आगोगो, मी कुठे आहे?”

“ही काय, पिशवीत,” मी म्हणाले. तेही अभिमानाने.

ती पलंगावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, “माझी आई वीस वर्षं त्या पुरुषांची तोंडं घालून नाचली. बाजारातल्या बायका आज फोनवर माझा चेहरा शोधतील.”

 माझी मुलगी दारातून म्हणाली, “आई, तू तिला विचारलं का नाहीस?” काय सांगणार? मला तरी कोणी कधी विचारलं होतं? लग्नानंतर तीस वर्षं मी मतदानाला जाताना यांना विचारायची, ‘या खेपेला कशावर?’ ते चिन्ह सांगायचे, मी शिक्का मारून यायची आणि येताना कोथिंबीर आणायची. कोथिंबीर मात्र स्वतः निवडून! असली मी, दुसरीचं तोंड पिशवीत भरायला मला कितीसा वेळ लागणार?

तिने पिशवीतले गोल पलंगावर मांडले. मग एकदम म्हणाली, “पिना आहेत?”

मराठी बाईला हे विचारतात का! माझ्या बांगडीलाच पाच लटकत होत्या, बाकीच्या डब्यात.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या तिने एकेका बाईच्या खांद्यावर आपला चेहरा टाचला. तेरा त्यांच्या, चौदावी मी. माझा उलटा लागला होता, ते पुढे फोटोत कळलं. पडद्यावर म्हातारे दिसायला लागले, तिकडे सकाळ होती. ती साध्या पिवळ्या ड्रेसमध्ये एकटी पुढे उभी राहिली आणि बोलली. मला भाषेतलं ओ की ठो कळलं नाही. मी आपली शिलाई कुठे उसवत नाही ना, ते बघत होते. मध्येच एका म्हाताऱ्याने काहीतरी खोचक विचारलं आणि सगळ्या बायकांनी खांदे पुढे केले. मीही केला.

“काय विचारलं गं त्याने?” मी येताना विचारलं.

“तुझ्या मागे आहे कोण, म्हणाला.” ती हसायला लागली. “आणि आगोगो, त्यांचा एकही पुढारी स्वतःचा चेहरा अंगावर घालत नाही. तो सुटात असतो. मला हे आज कळलं.”

“मला शिवतानाच माहीत होतं,” मी ठोकून दिलं.

तरी दोन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही. तोवर ती मलावीला पोचली होती. मग एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिचं नाव यादीत होतं. आता पक्षातली निवड व्हायची होती आणि ती गावोगाव भाषणं करत सुटली होती. मी खुर्चीत टेकले आणि इतका मोठा सुस्कारा टाकला की मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली.

तेवढ्यात तिच्या आईने फोन ओढून घेतला. मी चेष्टेने विचारलं, “काय मग, आता लेकीच्या सभेत नाचणार ना?” लेकीने माझं तिला त्यांच्या भाषेत सांगितलं आणि तिचं उत्तर मला शब्दाला शब्द ऐकवलं:

“या वेळी मी नाचणार नाही, बाई. माझी मुलगी बोलत असेल, मला ऐकू यायला हवं.”