चार तारे आणि काचेचं न्हाणीघर

मी आज जो काही आहे तो मोहिते सरांमुळे आहे, आणि मोहिते सर बनियनवर चाळीस डच लोकांसमोर उभे राहिले ते माझ्यामुळे.

करमाळ्याच्या अलीकडे आमचं गाव. सर तिथे इंग्रजी आणि भूगोल शिकवायचे. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. सरांनी वडिलांची समजूत घातली, माझे फॉर्म भरले आणि मला पुण्याच्या कॉलेजात सोडायला येताना एसटीत माझी पत्र्याची पेटी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले. त्यामुळे सर आणि काकू आठ दिवस नेदरलँड्स बघायला येणार म्हटल्यावर मी ठरवलं, सरांना इथे कशाचीही कमतरता पडू द्यायची नाही.

"आपल्याकडेच उतरू देत की," माझी बायको मंजिरी म्हणाली.

"इथे? दुसरा मजला, लिफ्ट नाही, सरांचा गुडघा दुखतो!"

उइटहॉर्न गावातल्या आमच्या घराचा जिना म्हणजे शिडीचा सख्खा भाऊ. (आमचा सोफा दोराला बांधून खिडकीतून आत आला. सरांना तसं आणणं शोभलं नसतं.)

मग मंजिरीने हार्लेम शहरातलं एक छोटं हॉटेल शोधलं. खोली तळमजल्यावर, भाडं परवडणारं आणि राहून गेलेल्यांनी दहापैकी नऊ गुण दिलेले.

"तारे किती?" मी विचारलं.

"दोन."

"दोन! पाचपैकी दोन म्हणजे चाळीस टक्के! ज्या माणसाने मला फर्स्ट क्लास मिळवून दिला त्याला मी चाळीस टक्क्यांत उतरवू?"

"अरे, पण लोकांनी काय लिहिलंय ते तरी वाच."

"लोक काय, काहीही लिहितात. तारे अधिकृत असतात!"

अधिकृत शिक्का दिसला की माझी मान आपोआप झुकते. लहानपणापासूनची सवय आहे. तीन रात्री खपून मी कापेल आन डेन आयसेल नावाच्या गावात, ऑफिसांच्या वस्तीत, एक चार ताऱ्यांचं हॉटेल शोधलं. शनिवार-रविवारी तिथे गिऱ्हाईक कमी, म्हणून दर दोन ताऱ्यांचा! राहून गेलेल्यांचे गुण सहाच्याही खाली होते. मंजिरीला स्क्रीन दाखवताना त्या आकड्यावर मी अंगठा ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पोचलो. झुंबर होतं, संगमरवर होता, लिफ्टही होती. लिफ्टवर कागद चिकटवलेला होता.

"मंगळवारी सुरू होईल," काउंटरवरचा तरुण प्रसन्नपणे म्हणाला.

खोली चौथ्या मजल्यावर. सर एकेका पायरीवर थांबत वर चढले आणि म्हणाले, "उत्तम." त्यांच्या कुठल्या 'उत्तम'नंतर छडी यायची, ते मला अजून आठवतं. खोलीत पॅन्टला इस्त्री करणारं यंत्र होतं. आणि पलंगाच्या बरोब्बर समोर न्हाणीघर होतं, चारी बाजूंनी स्वच्छ पारदर्शक काचेचं! काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी पॅन्टच्या यंत्राकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

"संतोष, अरे, तुझे सर हरवले!"

"हरवले म्हणजे?"

"मला आंघोळ करायची होती, म्हणून म्हटलं, तुम्ही जरा बाहेर व्हा. ते झाले बाहेर. तास झाला, परत नाहीत!"

"त्यांना फोन करा ना!"

"फोन इथंच आहे. चष्मा इथंच आहे. शर्टसुद्धा इथंच आहे!"

मी गाडी काढली. रस्ताभर डोळ्यांसमोर सर वेगवेगळ्या कालव्यांत पडत होते. हॉटेलात शिरलो आणि तळमजल्यावरच्या मोठ्या दालनातून आवाज आला, "अटेन्शन! स्टँड अॅट ईज! हात खिशातून काढ रे ए चौकडीवाल्या!"

झालं होतं ते असं. सरांच्या मागे दार आपोआप बंद झालं, दार उघडायचं कार्ड आत राहिलं आणि शॉवरमध्ये काकूंना टकटक ऐकू गेली नाही. सर चार मजले उतरून काउंटरकडे निघाले. खाली एका कंपनीने आपल्या लोकांसाठी योगवर्ग ठेवला होता आणि योगशिक्षकाचा पत्ता नव्हता. संयोजक बाईंना जिन्यातून उतरणारे अनवाणी, पांढऱ्या पायजम्यातले, बनियनमधले सर दिसले.

"आपणच शिक्षक का?" बाईंनी विचारलं.

सर खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "छत्तीस वर्षं."

आणि समोर वेडावाकडा उभा असलेला वर्ग पाहिल्यावर त्यांना राहवेना! उंचीप्रमाणे दोन रांगा झाल्या होत्या. कॉफी घेऊन उशिरा आलेला साडेसहा फुटी साहेब दाराबाहेर, तोंड पाडून उभा होता.

त्याच दुपारी मी दोघांना हार्लेमला हलवलं. गाडीत मी माफी मागितली.

"माझंच चुकलं सर. तारे बघून फसलो."

"अरे, तारे देतात कशावरून?"

मी कबुलीजबाब दिला. "सोयींची यादी असते. लिफ्ट आहे का, काउंटरवर माणूस किती तास..."

"म्हणजे शाळा तपासणी!" सर खूश झाले. "साहेब यायचे, पृथ्वीगोल आहे का बघायचे. तो आम्ही शेजारच्या शाळेतून आणलेला असायचा. मुलांना काय येतं, ते कुणी विचारत नव्हतं. ते पोरांच्या आईबापांना विचारावं लागतं. तपासणीच्या वेळी तू त्याच वर्गात होतास ना रे?"

हार्लेमच्या हॉटेलात लिफ्ट नव्हती, कारण वर चढायचंच नव्हतं. काउंटर नव्हतं, कारण मालकीणबाई स्वतःच दारात उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी काकू त्यांच्या स्वयंपाकघरात आल्याचा चहा करत होत्या. निघायच्या दिवशी विमानतळावर सर एवढंच म्हणाले, "चार मजले चढलोच की रे. तुझ्या घराचे तर दोनच होते."

घरी येऊन मी त्यांना पत्र लिहिलं.

"गुरुवर्य मोहिते सर यांस, सा. न. वि. वि.

आपण सुखरूप पोचलात हे कळलं. पुढच्या वेळी मुक्काम आमच्याच घरी. आगाऊ माहिती देतो. तारे नाहीत. लिफ्ट नाही. जिना उभा आहे. मी आपल्या मागे, एक पायरी खाली, आधाराला हात धरून चालेन. पेटी माझ्याकडे द्यायची, या वेळी मांडी माझी. न्हाणीघराला दार आहे, लाकडी आणि आतून कडी असलेलं.

मंजिरीने यजमानाला दहापैकी दोन गुण दिले आहेत. पेपर आपण पुन्हा तपासावा ही विनंती.

आपला विद्यार्थी,
संतोष"