बेदाणा आणि माझी उजवी दाढ

तासगावातल्या एका अडत दुकानात मी बेदाण्याचे सौदे सांभाळतो. शेतकऱ्याचा माल ताटात मांडायचा, खरेदीदारांना दाखवायचा आणि सगळ्यांच्या देखत त्यातला चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकायचा. दुकानाचा माणूसच खात नसेल तर खरेदीदाराला शंका येते. सौदे नसले तरी कचेरीतल्या टेबलावर बेदाण्याची वाटी असे. ती मीच भरायचो, आणि हिशेबनिसापासून हमालापर्यंत सगळे जाता-येता त्यात हात घालायचे.

यंदा ऐन हंगामात माझी उजवी दाढ ठणकू लागली. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी दात तपासून विचारलं, दिवसभर काय चघळता? मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, बेदाणा दाताला चिकटून राहतो. खायचा तर एकदाच खा आणि चूळ भरा, असं चरत राहू नका. पुढच्या खेपेपर्यंत गोडाला हात लावायचा नाही, असंही त्यांनी बजावलं. मी मान हलवली. दुसऱ्याच दिवशी सौदे आहेत हे सांगायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ताटात आला तो एका निवृत्त फौजीचा बेदाणा. हिरवागार, एकसारखा. त्याची वर्षाची मेहनत त्या ताटात होती आणि तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता. मी चार दाणे डाव्या बाजूला टाकले. एक चुकार दाणा उजवीकडे गेला आणि कळ थेट कानात शिरली. माझं तोंड वाकडं झालं.

सगळ्यात मोठ्या खरेदीदारानं ते नेमकं पाहिलं. "आंबट आहे काय हो?" म्हणून त्यानं हातातला दाणा परत ताटात टाकला. बाकीचेही थबकले.

फौजीचा चेहरा उतरला. "आवं सायेब, माल गोड हाय. तोंड कशापायी वाकडं केलं?"

आता लाज धरण्यात अर्थ नव्हता. दाढ किडलीय म्हणून मी कबूल केलं आणि सगळ्यांसमोर जबडा उघडला. खरेदीदारानं मोबाइलची बॅटरी लावून आत डोकावून पाहिलं, अगदी बेदाण्याच्या पेटीचा तळ तपासावा तसं. मग स्वतः मूठभर बेदाणा खाल्ला आणि म्हणाला, "माल एक नंबर आहे. तुमची पेटीच खराब निघाली."

सगळे हसले. बोली लागली, चढत गेली आणि फौजीला मनासारखा भाव मिळाला. तेवढ्यात हिशेबनीस माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, जरा माझीबी बघा की, थंड पाणी लागतंय. त्याच्यामागं दोन हमाल उभे होते. बॅटरीच्या उजेडात तिघांच्याही दाढा काळ्या दिसल्या. माझं हसू तिथंच थांबलं.

त्या संध्याकाळी मी टेबलावरची वाटी उचलून कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि तिच्या जागी पाण्याचा तांब्या ठेवला. सौद्यात बेदाणा चाखायचा आणि लगेच चूळ भरायची, असा आता दुकानाचा नियम आहे. येत्या सोमवारी त्या तिघांना घेऊन मी सांगलीला जाणार आहे. कपाटाची किल्ली मात्र मालक रोज मागतात.