मोटार काऊन हादरते?

कादरला राग आला की तो बोलत नसे, पान्हा हातात घेई. त्या सकाळी नांदुऱ्याच्या स्टेशनाबाहेर, भरल्या मोटारीसमोर, मालक रामराव त्याला म्हणाला, "पेट्रोल विकून राह्यला तू, अन् टाकीत घासलेट भरून राह्यला. तरीच मोटार अशी हादरते!" कादरने पान्हा उचलला. उतारूंना वाटलं, आता मालकाचं डोकं फुटणार. पण कादरने इंजिनाचं झाकण उघडलं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळे आणि काळ्या बाजारात त्याला सोन्याचा भाव. त्यामुळे ड्रायव्हर म्हणजे चोर, हे लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. नांदुरा ते वरवट बकाल ही सर्व्हिस कादर कित्येक वर्षं चालवत होता. बाळंतिणी जपून नेल्या, कुणाचं गाठोडं राहिलं तर घरपोच केलं. त्या सगळ्यावर एका वाक्यानं पाणी फिरवलं! आणि आत बसलेल्या एकानंही 'अहो, असं कसं बोलता?' म्हणू नये? सगळे आपापल्या पिशव्यांच्या गाठी तपासत बसले.

"उतरू नका," कादर त्यांना म्हणाला. "बसा, अन् पाहा."

उभ्या मोटारीतच त्याने इंजिन चालू केलं. बाकं खडखडू लागली. "उभ्यानं हादरते, म्हंजे चाकाचा दोष नाही. चाक वाकडं असतं तर धावतानाच हादरली असती." मग लाकडी मुठीच्या पेचकसाने त्याने एकेका प्लगची वीज तोडली. दर वेळी इंजिन लंगडलं. "चारही कामावर हायेत. एखादा मेलेला असता तर त्याची वीज तोडून काही फरक पडला नसता." इंजिन बंद करून त्याने प्लग काढले आणि फडक्यात धरून रामरावाच्या नाकाशी नेले. "पाहा, भाकरीसारखे तांबूस हायेत. घासलेट असतं तर काजळी धरली असती. येते का वास?"

"मले काय समजते त्यातलं?" रामराव म्हणाला.

आता काही समजत नव्हतं. मघाशी चोर म्हणताना बरं सगळं समजत होतं!

प्लग परत बसवले, पंख्याचा पट्टा उतरवून इंजिन चालवून पाहिलं, थरथर तशीच. शेवटी कादरने एक तळवा चालत्या इंजिनावर ठेवला आणि दुसरा खालच्या सांगाड्यावर. दोन्हीकडे सारखीच थरथर. इंजिन हादरणारच, पण ते हादरणं त्याच्या पायाखालच्या गादीने पिऊन टाकायचं असतं. रबराच्या गाद्या लढाईत मिळेनाशा झाल्या तेव्हा कादरने कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातून, जिनातून, रोलरच्या जुन्या चामडी चकत्या मागून आणल्या होत्या आणि तिथे बसवल्या होत्या. मोटार झकास चालत होती. तो खाली शिरला. चकत्या नव्हत्या. त्यांच्या जागी सागाचे ठोकळे होते. बाहेर येऊन त्याने रामरावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते त्याला कळलं.

रामरावाने त्याला पानठेल्यामागे ओढलं. "दसऱ्याची पूजा होती. तू ईदले घरी गेलता. चामड्यावर हळदकुंकू कसं वाह्यचं? म्या काढल्या, दुकानात ठेवल्या. ठोकळ्यानं हादरन, हे मले काय ठाऊक?"

"अन् चोर मले म्हटलं?"

"हळू बोल ना बे! चामडं होतं हे समजलं तर सोवळ्याची माणसं बसतीन काय गाडीत? मी लोकायले सांगतो, प्लग खराब होते."

"प्लग पाह्यचं काम माह्यं. म्हंजे चोर नाही, तर कामचुकार?"

वा रे न्याय! विहिरीवरची मोट चामड्याची, तिचं पाणी पूजेला चालतं. देवळातल्या मृदंगाचं तोंड चामड्याचं, त्यावर भजन रंगतं. मोटार काय ती बाटते! आणि भल्या माणसाला भर चौकात चोर ठरवलं, त्याचा विटाळ कुणालाच होत नाही.

गप्प राहिलं तर नोकरी राहणार होती. बोललं तर 'मुसलमानानं गाडी बाटवली' म्हणायला गाव मोकळं. घरी नजमुन्निसा होती, चूल होती. पण उद्या ती बाजाराला निघाली की लोक बोट दाखवणार, ती पाहा चोराची बायको. कादरच्या डोक्यात तिडीक उठली. रामरावाच्या समोरच्याच दुकानातून त्याने चकत्या काढून आणल्या आणि उतारूंसमोर वर धरल्या.

"ह्या नव्हत्या म्हणून मोटार हादरत होती. चामडं आहे. मीच घातलं होतं, मालकानं काढलं, अन् मी पुन्हा घालून राह्यलो. पेट्रोल म्या चोरलं नाही. ज्याले उतरायचं त्यानं उतरा."

पुढच्या बाकावरचे दोघेतिघे धोतर सावरत उतरले. मागून म्हातारी रुखमाबाई म्हणाली, "चोर नाही ना तू? मंग बसव लवकर, बाबा. उशीर होऊन राह्यला."

चकत्या बसल्या, बाकं गप्प झाली आणि मोटार निघाली. लढाईत दुसरा ड्रायव्हर मिळेना, म्हणून रामरावाने त्याला काढलं नाही. पण 'माझं चुकलं' हे त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

पुढे मरेपर्यंत लोक कादरला 'चामडेवाला' म्हणत. चिडवायलाच म्हणत. पहिल्या हाकेला तो ओ देई. नजमुन्निसा संतापायची, की काऊन ऐकून घेता?

"चामडं म्या खरंच घातलं होतं," तो म्हणे. "चोरी नाही केली."